सुधारगृहातील स्त्रीची इच्छा कोण विचारतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्त्रियांच्या सुधारगृहांकडे उपकाराची जागा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. या संस्थांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. लंडनमध्ये 1758 साली ‘पतित’ स्त्रियांसाठी मॅग्डलेन गृह निघाले. आयर्लंडमध्ये ही पद्धत धुलाईगृहांच्या रूपाने इतकी रुजली की, त्यांतले शेवटचे 1996 मध्ये बंद झाले. लग्नाआधी दिवस गेलेल्या किंवा घरच्यांना नकोशा झालेल्या मुलींना तिथे ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) देखरेखीखाली बिनपगारी कपडे धुवावे लागत. अनेकींची नावे बदलली जात, केस कापले जात. डब्लिनमधील अशा एका गृहाची जमीन विकली गेल्यावर 1993 साली तिथल्या दफनभूमीतून 155 स्त्रियांचे अवशेष काढण्यात आले, तेव्हा त्यांतील कित्येकींच्या मृत्यूची सरकारदरबारी नोंदच नसल्याचे उघड झाले. सरकारने माफी मागितली ती 2013 मध्ये.

महाराष्ट्राने याहून फार निराळी वाट 1863 मध्येच दाखवली होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात गरोदर विधवेने गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल सोबत न्यावे की तिथेच ठेवावे हे तिचे तिने ठरवावे, अशी व्यवस्था होती. विधवेचे केशवपन हा धर्म मानला जाण्याच्या त्या काळात तिच्याकडून ना प्रायश्चित्त मागितले गेले, ना तिला कोंडून ठेवले गेले. 1884 पर्यंत 35 विधवा तिथे आल्या होत्या.

आपला आजचा कायदा या दोहोंपैकी कोणाच्या जवळचा आहे? अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याच्या कलम 17 नुसार, वेश्याव्यवसायावरील छाप्यात सापडलेल्या स्त्रीला दंडाधिकारी चौकशीअंती एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवू शकतात. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये अशा तीन सज्ञान स्त्रियांची मुक्तता करताना, त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येणार नाही, हे स्पष्ट केले. त्याच कलमात चौकशीच्या साह्यासाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींना बोलावण्याची आणि शक्य तिथे त्यांत तीन स्त्रिया घेण्याची तरतूद आहे. तिचा उल्लेख मात्र क्वचितच कानावर येतो.

खान्देशात छापा पडला की ‘महिलांची सुटका’ असा मथळा दुसऱ्या दिवशी झळकतो, पण सुटका होऊन त्या नेमक्या कुठे गेल्या हे पुढे कुणी छापत नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार येथे अशा चौकशीसाठी या पाच जणांना बोलावले जाते काय आणि संबंधित स्त्रीची इच्छा नोंदवली जाते काय, हे आपल्या वार्ताहरांनी विचारावे आणि मिळेल ते उत्तर छापावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)