फडक्यांच्या पिशवीतली गोधडी

लिंकन, नेब्रास्का
20 ऑक्टोबर

ती. आई आणि ती. बाबा यांना शि. सा. नमस्कार.

पत्रास कारण की, मे महिन्यात नाशिकहून निघताना मी स्वयंपाकघरातल्या फडक्यांच्या पिशवीतून बाबांचे जुने टी-शर्ट उचलून बॅगेत भरले, तेव्हा ‘तिकडे पुसायला फडकी मिळत नाहीत का?’ असे आईने विचारले होते आणि मी नुसता हसलो होतो. त्या टी-शर्टांची मी गोधडी शिवतो आहे. फोनवर सांगितले असते, तर बाबांनी ‘बरं’ म्हणून विषय पावसाकडे नेला असता. म्हणून सविस्तर लिहितो.

इकडे शाळा-कॉलेज संपले की मुलांचे खेळांचे टी-शर्ट जोडून गोधडी करून घेण्याची रीत आहे. काम सोपे असेल असे मला वाटले होते. पण होजिअरीचे कापड फसवे असते. साडीचा किंवा धोतराचा कपडा उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेला असतो, त्यामुळे तो कापला तरी आकार सोडत नाही. होजिअरीत मात्र धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून ती ओढाल तिकडे जाते, आणि आडवी तर फारच. पहिले दोन चौकोन मी तसेच मशीनवर घातले, तर एका बाजूला झालर झाली. नंतर शेजारच्या बाईंनी शिकवले की आधी प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर लावायचे (बक्रमसारखे ताठ नव्हे, मलमलीइतके मऊ) आणि मगच मापाने कापायचे. सुईही गोल टोकाची लागते. ती फासांच्या मधून वाट काढते, तर नेहमीची अणकुचीदार सुई धागाच तोडते आणि टाके गाळते. मी 15 इंचांचे चौकोन कापले. चारही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की 14 उरतात. आडवे 4 आणि उभे 5 असे 20 चौकोन लावले की 56 बाय 70 इंचांची गोधडी होते, म्हणजे एका माणसाला पुरेशी आणि पाय बाहेर काढणाऱ्याला अपुरी.

कापण्याआधी सगळे टी-शर्ट मी जमिनीवर ओळीने मांडले होते. कारखान्याच्या क्रीडादिनाचे, कॉलनीच्या गणेशोत्सवातल्या कार्यकर्त्यांचे, सिमेंटच्या दुकानाने दिवाळीला वाटलेले, असे सगळे. छापलेल्या सालांप्रमाणे ते लावत गेलो, तेव्हा कॉलरच्या आतली मापे दिसली. 2008 चा एक्स्ट्रा लार्ज आहे, 2016 चा लार्ज, आणि गेल्या वर्षीचा मीडियम, तोही खांद्यांवर झिजलेला नाही. बाबा, वर्षातून एकदा भेटणाऱ्याला जे दिसत नाही, ते या ओळीत दिसले. डॉक्टरांकडे जाऊन वजन करून या आणि आकडा मला खरा कळवा. आई, तू शेजारी उभी राहून काटा बघ.

अलाबामात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रिया शेतावर झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या आहेत आणि आता त्या गोधड्या संग्रहालयांतून टांगलेल्या असतात. 1942 साली मिसूरी पेटवे यांनी नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कपड्यांची अशीच गोधडी केली होती. बाबांना हे वाचून कसेसे होईल. पण तुमच्या टी-शर्टांना मी तुम्ही ठणठणीत असतानाच कात्री लावली आहे, हे ध्यानात घ्या.

आमच्या लिंकनमध्ये गोधड्यांचे मोठे आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे आपल्या उपखंडातल्या गोधड्याही पाहिल्या: हातचा धावदोरा, एकावर एक जुने कापड, मध्ये कापूस नाही. त्या दिवशी घरी येऊन मी विकत आणलेला कापसाचा थर परत केला आणि आईने सामान गुंडाळायला दिलेल्या दोन सुती साड्या आत घातल्या. आजी काठाकडून मध्याकडे टाके घालत येत असे, तसेच मी घालतो आहे. माझे टाके तिच्याइतके बारीक नाहीत. रात्री दीड तासात जेमतेम दोन हात दोरा होतो.

एक चूक कळवायची राहिली. चालण्याच्या स्पर्धेच्या टी-शर्टवर मी मध्ये कापड न ठेवता सरळ इस्त्री फिरवली आणि ‘ज्येष्ठ नागरिक गट, प्रथम क्रमांक’ ही अक्षरे वितळून इस्त्रीला चिकटली. बाबा, क्षमा असावी. तो चौकोन वाया गेल्यावर 19 उरले. विसाव्याचा विचार करताना लक्षात आले की आईचे या गोधडीत जे काही आहे ते सगळे आत गेले आहे, कुठेच दिसत नाही. म्हणून त्या दोन साड्यांपैकी मोरपंखी साडीचा काठ आणि थोडे अंग कापून ते वरच्या बाजूला लावले आहे. ती साडी कधीची आणि कोणी घेतलेली, ते कळव.

कडेची पट्टी लावायची मी मुद्दाम ठेवली आहे. डिसेंबरात गोधडी घेऊन येतो. कोपरे मला जमत नाहीत, ते आईने करावेत. आता सुईचे नेढे दिसत नाही म्हणालीस, तर दोरा मी ओवून देईन, लहानपणी देत होतो तसा. बाबांनी मात्र गोधडी पसरलेली असताना तिच्यावरून चालत पेपर आणायला जाऊ नये. आणि पिशवीत उरलेल्या टी-शर्टांना तोवर ओटा पुसायला हात लावू नये.

तुमचा,
धाकटा