गुडिसन पार्क पाडलं नाही, ही पण बातमीच आहे

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या क्रीडा पानावर इंग्लंडच्या एव्हर्टन फुटबॉल क्लबचा स्कोअर येतो पण त्यांच्या लिव्हरपूल शहरातल्या जुन्या ग्राउंडबद्दल, गुडिसन पार्कबद्दल, काहीच येत नाही, म्हणून लिहितोय. 18 मे 2025 ला, रविवारी संध्याकाळी साडेचारला आपल्याकडे टीव्हीवर गुडिसन पार्कमधली पुरुषांच्या टीमची शेवटची मॅच लागली होती, साउथहॅम्प्टनला 2-0 हरवलं, आणि खरं सांगतो मॅच संपल्यावरही मला टीव्ही बंद करवेना.

1892 मध्ये भाड्यावरून जागामालकाशी बिनसलं आणि एव्हर्टनने अॅनफिल्ड सोडलं, हो तेच अॅनफिल्ड जिथे आज लिव्हरपूल क्लब खेळतो, आणि मधल्या स्टॅनली पार्कच्या पलीकडे जाऊन स्वतःचं ग्राउंड बांधलं. खास फुटबॉलसाठी बांधलेल्या पहिल्या मोठ्या ग्राउंड्सपैकी हे एक. दोन स्टँडच्या मधल्या कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च अगदी चिकटून उभं आहे, असं दृश्य मी दुसऱ्या कुठल्याच ग्राउंडवर बघितलेलं नाही. बुलेन्स रोड स्टँडवरची, स्टेडियमं बांधणाऱ्या आर्किटेक्ट आर्चिबाल्ड लीचची लोखंडी फुल्याफुल्यांची जाळी तर फोटोतही लगेच ओळखू येते. 1966 च्या वर्ल्ड कपमध्ये उत्तर कोरिया 3-0 ने पुढे होतं, मग युसेबियोने एकट्याने 4 गोल मारले आणि पोर्तुगाल 5-3 ने जिंकलं, तेही इथेच. आणि ज्याने 1927-28 च्या एका सीझनमध्ये लीगचे 60 गोल केले तो एव्हर्टनचा डिक्सी डीन 1980 मध्ये याच ग्राउंडवर मॅच बघताना गेला.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती 26 डिसेंबर 1920 ची मॅच. 'डिक, कर लेडीज' (एका कारखान्यातल्या बायकांची टीम) विरुद्ध सेंट हेलेन्स, बायकांची मॅच, आत 53,000 माणसं आणि हजारो लोक जागा नाही म्हणून बाहेर. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना शोभत नाही म्हणून त्यांना आपल्या क्लबांची ग्राउंड्स बंद केली, ती जवळपास 50 वर्षं. आता पुरुषांची टीम गोदीवरच्या नव्या स्टेडियममध्ये गेली, आणि गुडिसन न पाडता एव्हर्टनच्या महिला टीमला दिलंय. हे वाचून मला इतका आनंद झाला की बायकोला आणि मुलीला दोघींना बसवून सगळं सांगितलं.

मुलगी सोसायटीच्या टीममध्ये खेळते, तिने लगेच विचारलं या महिला टीमच्या मॅचचा स्कोअर पेपरमध्ये का नसतो. तर विनंती एवढीच की पुरुषांच्या स्कोअरखाली इंग्लंडच्या महिला सुपर लीगच्याही दोन ओळी देत चला.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली