बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. शेतीपंपाची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला मी आणि मुलगा वावरात होतो. साडेअकराच्या सुमारास बारं फोडताना त्याच्या पायाला विंचू चावला. त्याला गाडीवर बसवलं, सेल्फ दाबला, तर नुसतं ‘टक’. किका मारून मारून पोटरी भरून आली, गाडी काही घेईना. ओल्या काळ्या मातीत ढकलायची सोय नव्हती. शेवटी धुऱ्यापलीकडचा शेजारी जागलीला आला होता, त्याच्या गाडीवर ग्रामीण रुग्णालय गाठलं. मुलगा आता बरा आहे. पण माझ्या गाडीतली बॅटरी अवघी पाच महिन्यांची होती, आणि वर्षभरातली दुसरी.

दोन्ही वेळा गाडी तालुक्याला दाखवली होती. मिस्त्रीनं सेल्फ दाबून पाहिला, ‘बॅटरी गेली’ म्हणाला आणि नवी टाकली. दोन्हींचे मिळून अडीच हजारांवर गेले. व्होल्ट मोजायचं मीटर एकदाही लावलं नाही. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण ही सवय एकट्या त्याची नाही.

संक्रांतीला भाचा आला. तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकतो. त्यानं बाजारातून अडीचशे रुपयांचं मल्टिमीटर आणलं, डीसी २० व्होल्टवर ठेवलं आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावलं. गाडी बंद असताना आकडा ११.९. भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते. मग गाडी कशीबशी सुरू केली, रेस वाढवली, तरी आकडा जागचा हलेना. "मामा, बॅटरी नाही मेली, तिले खायलेच नाही भेटून राहिलं," तो म्हणाला. चार्जिंग नीट असलं की रेसवर साडेतेरा ते साडेचौदा दिसलं पाहिजे. पंधराच्या वर गेलं तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडला, तो बॅटरी उकळवून मारतो.

माझ्या गाडीला मॅग्नेट कॉइलमधून, म्हणजे इंजिन फिरताना वीज तयार करणाऱ्या भागातून, तीन पिवळ्या वायरी येतात. त्यांचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, त्यानं काढला, मीटर एसीवर केलं, रेस देऊन दोन-दोन वायरींत तपासलं. तिन्ही जोड्यांत आकडा सारखाच आला, म्हणजे कॉइल चांगली. (लहान गाड्यांना वायरी कमी असतात, तिथं रंग जुळवत बसू नये.) एवढं झाल्यावर त्यानं तो कपलर माझ्या हातात ठेवला. एका पिवळ्या वायरीभोवतीचं पांढरं प्लास्टिक वितळून तपकिरी झालं होतं, आतली पट्टी काळी ठिक्कर आणि सैल. बोटानं हलवली तर काजळी हाताला लागली. गाडीत बिघाड होता तो इतकाच. साठ रुपयांचा कपलर आणला, वायरीचं टोक घासून चकचकीत केलं, नवी पट्टी दाबून बसवली. रेसवर आकडा आला १४.१. मला त्या क्षणी मुलाचा सुजलेला पाय आठवला.

आमच्या भागात हे दुखणं जास्त का, तेही लिहितो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बॅटरीतलं पाणी आटतं, आणि लोक त्यात बोअरचं पाणी टाकतात. क्षाराच्या पाण्यानं प्लेटा खराब होतात. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच टाकावं, तेही वरच्या रेषेपर्यंत. सीलबंद बॅटरी उघडूच नये. कोठ्यात उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. टर्मिनलवर हिरवा-पांढरा थर चढतो आणि नट सैल होतो. कित्येकदा ‘टक’ एवढ्यानंच येतं. टर्मिनल उघडताना आधी निगेटिव्ह काढावं, बसवताना ते शेवटी. आणि बॅटरी काढून गाडी चालू ठेवायचा प्रयोग कुणी करू नये, इलेक्ट्रॉनिक भाग जळतात.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पंपाच्या दाबानं पेट्रोल फवारणाऱ्या. पेट्रोलचा पंप बॅटरीवर चालतो, आणि काहींना किकही नाही. बॅटरी पार उतरली की ढकलूनही त्या सुरू होत नाहीत. ज्या गावात एसटी दिवसातून एकदा येते, तिथं रात्री बाळंतीण न्यायची की सर्पदंशाचा माणूस, सगळी भिस्त या गाडीवर असते.

म्हणून दोन मागण्या. मिस्त्रीनं बॅटरी बदलण्याआधी गाडी बंद असतानाचा आणि रेसवरचा, असे दोन आकडे गिऱ्हाइकासमोर मोजून दाखवावेत, आणि गिऱ्हाइकानं ते मागावेत. दुसरी मागणी तालुक्याच्या आयटीआयकडे: आठवडी बाजाराच्या दिवशी मुलांना मीटर घेऊन दोन तास बसवावं, आपल्या गाड्या तपासून घ्यायला लोक येतील. आमच्या गावचा बाजार सोमवारी भरतो. पाराजवळ सावली आहे, बसायला सतरंजी मी देतो.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ