प्रार्थनेचा विषय

जालना
सोमवार, रात्री

प्रिय लेकरा,

प्रभूच्या नावात सलाम.

काल तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागली नाही. तुझ्या रूममेटचं ठरलेलं लग्न मोडलं हे तू मला सांगितलंस. आईजवळ मन मोकळं केलंस, त्याचं काही नाही. पण शेवटी म्हणालीस, "मम्मी, तरुण संघाच्या ग्रुपवर पण टाकलंय, प्रार्थनेसाठी." तेवढं एक वाक्य रात्रभर कानात राहिलं. फोनवर बोलले असते तर मी रागावले असते आणि तू रडली असतीस, म्हणून लिहिते.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तू सातवीत होतीस तेव्हाची. मंडळीतल्या एक ताई चार-पाच रविवार उपासनेला आल्या नव्हत्या. त्यांच्या हातातल्या पाटल्या दिसत नव्हत्या, आणि मी त्यांना सराफाच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं होतं. बुधवारी महिला मंडळात प्रार्थनेचे विषय मागितले, तेव्हा मी डोळे मिटून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "त्या ताईंच्या घरासाठी प्रार्थना करा, काहीतरी ठीक नाही." एवढंच. नवऱ्याचं पिणं दुसरीने जोडलं, कर्ज तिसरीने. रविवारी चर्चच्या आवारात लिंबाखाली चहा पिताना तीच गोष्ट माझ्याकडे फिरून आली, आणि मी ती पहिल्यांदाच ऐकतेय अशी ऐकली.

पाटल्या त्यांनी भावाच्या उपचारासाठी मोडल्या होत्या. रविवारी त्या संभाजीनगरला दवाखान्यात त्याच्या उशाशी बसायच्या. कळल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की." मी खाली बघत बसले. त्यांनी मला माफ केलं. पण महिला मंडळात त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि ती रिकामी जागा मला दर बुधवारी दिसते.

तुझे आजोबा जिनिंगमध्ये होते. ते सांगायचे, कापसाच्या गंजीला ठिणगी लागली की वरून पाणी मारून भागत नाही. आत धुमसत राहते, आणि नंतर भलत्याच कडेने धूर निघतो. बायबलात याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला आग म्हटलंय, ते वाचलं की मला नेहमी ती गंजीच दिसते.

"दोष काढू नका" हे मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं तुला पाठ आहे. कुसळ आणि मुसळ म्हणीसारखं तोंडात बसलंय, म्हणून आपण तिथून पटकन पुढे जातो. पण पाचवं वचन सावकाश वाच. आधी मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं प्रभू म्हणतो. कुसळ तसंच राहू दे, असं तो कुठे म्हणतो?

लहानपणी गव्हाच्या मळणीत माझ्या डोळ्यात कुसळ गेलं होतं. आजीने मला उजेडाकडे तोंड करून बसवलं, हनुवटी घट्ट धरली. "चोळू नगं, हलू नगं," म्हणाली, आणि पदराचं टोक जिभेने ओलं करून, श्वास रोखून ते काढलं. तिच्या तोंडाचा मिसरीचा वास मला अजून आठवतो. इतकं जवळ जावं लागतं, पोरी. खळ्याच्या पलीकडून हाका मारून कुणाचं कुसळ निघत नाही. बघायला गोळा झालेल्या पोरांना तिने आधी हाकललं होतं. मत्तय अठरा-पंधरा तेच सांगतं: भाऊ चुकला तर त्याच्याकडे जा, तू आणि तो दोघंच असताना.

गणनेच्या बाराव्या अध्यायातली मोशेची बहीण मिर्याम आठवते ना? मोशेच्या कूशी, म्हणजे परक्या देशातल्या, बायकोवरून ती आणि भाऊ अहरोन त्याच्याविरुद्ध बोलले. तिच्या अंगावर कोड उठलं, आणि संडे स्कूलमध्ये आपण तिथेच थांबतो. मला त्यापुढचं जास्त बोचतं. ती सात दिवस छावणीबाहेर राहिली, आणि तिला परत आत घेईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. ज्याच्याविषयी ती बोलली होती, त्या मोशेनेच तिच्यासाठी धावा केला: देवा, हिला बरी कर. झाली प्रार्थना. त्यात तिचं नावसुद्धा नाही.

आणि आपण कुणाची लेकरं आहोत हे विसरू नकोस. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती लोकांचं गाव वसवणाऱ्या नारायण शेषाद्रींनी 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, कोर्टाने वडिलांकडे परत दिलं, तर त्याला जातीत घ्यायचं की नाही यावरून मुंबईत केवढं रान उठलं! त्या पोराची बाजू घेतली म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनाही बहिष्कार सोसावा लागला. चार लोकांनी एखाद्याचा निवाडा करणं काय असतं, हे आपल्या मंडळीला दुसऱ्याने सांगायला नको.

आता तू एवढं कर. ग्रुपवरचं पुसून टाक, पण पुसायच्या आधी तिला सांग की तू ते टाकलं होतंस, आणि किती जणांनी वाचलं तेही सांग. ती रागावेल. रागावू दे, उठून जाऊ नकोस. मुलाकडच्यांना तू फोनवर "तसलेच" म्हणालीस, तेही सोड. त्यांची बाजू तूही ऐकली नाहीस आणि मीही नाही. हां, कुणाला मारहाण होत असेल, कुणाच्या जिवावर बेतलं असेल, तर गप्प बसू नकोस. पण ते ज्याच्या हाताने थांबेल त्याला सांग, ग्रुपला नाही.

ती हो म्हणाली तर तिच्यासोबत गुडघे टेक. नाही म्हणाली तर एकटीने प्रार्थना कर, मोशेसारखी, थोडक्यात.

पप्पा बरे आहेत. नाताळच्या सुट्टीत तिला घरी जायचं नसेल तर इकडेच घेऊन ये. येसर कांडून ठेवलाय, धपाटे गरम गरम करून घालीन. तिला काही विचारणार नाही.

तुझी,
मम्मी