दुसऱ्या दिवशी आलेलं उत्तर

पुणे
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र बुधवारीच मिळालं, पण उत्तर द्यायला मुद्दाम रविवार धरला. तू तुमच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा मेंटेनर, म्हणजे इतरांचे बदल तपासून आत घेणारा, झालास हे वाचून फार आनंद झाला. त्याच पत्रात पुढे लिहिलं आहेस की नव्या मुलांना समजावून सांगण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात ते काम मी तीनदा केलं असतं. आणि अगदी शेवटी, जाता जाता, कुणा मुलाचा पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, तेरा दिवसांपासून तसाच पडून असल्याचाही उल्लेख आहे. त्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो, आणि दोन-तीन दिवस तीच डोक्यात होती.

वेळेचा तुझा हिशोब खरा आहे. पंधरा मिनिटांत सुटणारा बग, म्हणजे कोडमधली चूक, दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायला तीन संध्याकाळी लागतात, माझ्याही लागल्या आहेत. मी त्या संध्याकाळी बगाच्या खात्यावर मांडत नाही, इतकाच आपल्यात फरक. असं का, ते सांगायला मागे जावं लागेल. हे तुला मी कधी नीट सांगितलेलंच नाही.

२०१२ साली मी पहिला पॅच एका प्रकल्पाला पाठवला होता. नाव घेत नाही, कारण कुणी वाईट वागलं असं नव्हतंच. कुणी काहीच केलं नाही. दोन आठवडे मी रोज रात्री मेल उघडून पाहायचो. मग आठवड्यातून एकदा. चार महिन्यांनी पाहणंच सोडलं. ‘नाही’ असं उत्तर आलं असतं तरी मी टिकलो असतो, असं आज वाटतं. त्या शांततेतून मी अर्थ काढला तो एवढाच, की ही जागा आपल्यासाठी नाही. ते सॉफ्टवेअर वापरणंसुद्धा मी बंद केलं.

लिब्रऑफिसकडे मी वळलो तो सी प्लस प्लसच्या जोरावर नाही, जर्मनच्या. तुला आठवत असेल, मी तेव्हा मॅक्स म्युलर भवनात जायचो, जर्मनच्या एटू पातळीपर्यंत पोचलो होतो. आता या कार्यालयीन सॉफ्टवेअरचं घराणं बघ: मूळ स्टारऑफिस, जर्मनीतल्या लुनेबुर्ग गावच्या स्टार डिव्हिजन कंपनीचं. १९९९ मध्ये ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली, २००० मध्ये ओपनऑफिस म्हणून कोड खुला झाला, आणि २०१० च्या सप्टेंबरात त्यातून लिब्रऑफिस वेगळं निघालं. कोड एवढा फिरला तरी आतल्या कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या टिपा, जर्मनच राहिल्या. हजारो ओळी. बाहेरच्या प्रोग्रॅमरला कळेना की हे फंक्शन असं का लिहिलंय, कारण ‘का’ ते जर्मनमध्ये लिहिलेलं. मग त्यांनी काय केलं, तर या कॉमेंट इंग्रजीत आणण्याचं काम नव्यांसाठी म्हणून जाहीर केलं, आणि जर्मन कॉमेंट हुडकून देणारी छोटी स्क्रिप्टही सोबत ठेवली.

मी एक फाइल घेतली. त्यात ‘उम्ब्रुख’ हा शब्द दहा-बारा वेळा होता. कोश म्हणाला उलथापालथ, स्थित्यंतर. मी तेच लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलेलं होतं. दुसऱ्या दिवशी! लिहिणाऱ्याने आधी आभार मानले होते, मग सांगितलं होतं की छपाईच्या भाषेत उम्ब्रुख म्हणजे ओळ किंवा पान जिथे तुटतं ती जागा, आणि अडलास की खालच्या फंक्शनचं नाव वाच, अर्थ तिथे सापडतो. बाकीच्या ओळी बरोबर आहेत, एवढं दुरुस्त करून पुन्हा पाठव. त्या माणसाला ते दहा शब्द स्वतः बदलायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. त्याने ते माझ्यासाठी ठेवले. मी दुरुस्त केले, पॅच मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला गेला, आणि त्या दिवशी ऑफिसात जाताना लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीतही मला एकदम प्रशस्त वाटत होतं.

पुढे समजलं की ही एखाद्याची सज्जनता नव्हती, ती पद्धत होती. लिब्रऑफिसमध्ये ‘इझी हॅक’ नावाची यादी असते. सोपे बग निवडून बाजूला काढतात, आणि जाणकाराने तिथे लिहायचं असतं की कुठली फाइल उघडायची, कुठलं फंक्शन पाहायचं. त्याला कोड पॉइंटर म्हणतात. ते लिहिण्यात जेवढा वेळ जातो, त्यात जाणकार माणूस बहुतेक वेळा तो बग सोडवून मोकळा झाला असता. तरी तो सोडवत नाही. मित्रा, मला तुझ्यापाशी मुख्यतः हेच बोलायचं आहे. येत असलेलं काम हातात असताना ते न करता शिल्लक ठेवणं फार कठीण आहे. हात शिवशिवतात. पण सगळे सोपे बग आपणच उरकले, तर नव्याला आत यायला अवघड दारच उरतं.

आई पोळ्या करताना कणकेचा शेवटचा उंडा ताईच्या हातात द्यायची. ताईची पोळी कुठल्याही देशाचा नकाशा व्हायची. आईने ती कधी पुन्हा गोळा करून लाटली नाही. ती तशीच भाजली जायची आणि बाबांच्या ताटात पडायची, बाबा खायचे. नव्याचा पॅच मर्ज करण्याआधी तू तो सगळा आपल्या पद्धतीने नव्याने लिहून काढतोस, असं तूच कळवलं आहेस. तसं करू नकोस रे. चुकीचा असेल तर परत पाठव, दहा वेळा पाठव. पण चालणारा असेल, फक्त तुझ्या वळणाचा नसेल, तर जाऊ दे.

आता एका मुलीबद्दल सांगतो. जळगाव जिल्ह्यातली, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहणारी. तिची पहिली मेल मला एकट्याला आली, ‘रिस्पेक्टेड सर’ अशी सुरुवात, आणि मराठीत सांगायची गोष्ट अवघडलेल्या इंग्रजीत. लिब्रऑफिसचं बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं, होत नव्हतं. अकरा दिवस ती एकटीच झगडत होती, कारण एवढंसं विचारलं तर लोक काय म्हणतील ही धास्ती. अकरा दिवस! आपल्याकडे शाळेत हात वर करून ‘समजलं नाही’ म्हणणाऱ्या मुलाला काय मिळतं ते आपण दोघांनी पाहिलंय. ती भीती लॅपटॉपबरोबरच होस्टेलवर येते. आणि मेंटेनरला वाटतं, मुलाला रस नाही.

मी तिला बिल्डच्या शेवटच्या वीस ओळी मागितल्या. आठ जीबीचं मशिन होतं, एकाच वेळी चार-चार कामं चालू होऊन मेमरी संपत होती. ऑटोजेन या बिल्डची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला समांतर कामांची संख्या एकवर आणायला सांगितली. रात्रभर चाललं, सकाळी बिल्ड तयार. नव्या मुलांसाठी मी मराठीत एक टिपण ठेवलेलं आहे, त्यात ही गोष्ट नव्हती. माझ्या मशिनला बत्तीस जीबी, मला कधी अडलंच नव्हतं. मी तिलाच म्हटलं, ही ओळ तू घाल. तिने चांगला परिच्छेद लिहिला, कमी मेमरीच्या मशिनवर कुठे काय अडतं याचा. ही तिची पहिली भर. नुकती ठेच लागलेल्यालाच दगड कुठे आहे ते माहीत असतं, आपल्या पायांना तो कधीच बोचेनासा झालेला असतो.

‘सर’ मात्र मी हळूहळू सोडवलं. हट्ट धरला नाही, कारण तिच्या घरच्या वळणात तो आदर आहे आणि तो तोडून टाकण्यासारखा नाही. फक्त एवढं ठरवलं की प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचा. पहिल्यांदा तिची परवानगी घेऊन तिचा प्रश्न मीच सर्वांपुढे मांडला आणि तिथेच उत्तर दिलं. तासाभरात आणखी दोघांनी लिहिलं की आमचंही हेच अडलं होतं. आपण एकटे नाही हे तिला दिसलं, मग तिसऱ्या प्रश्नापासून ती आपणहून तिथे विचारू लागली. दुर्गापूरच्या लिनक्स गटाचं, डीजीप्लगचं, उन्हाळी प्रशिक्षण तुला माहीत असेल. २००८ मध्ये आयआरसीवर, म्हणजे टाइप करून गप्पा मारायच्या जुन्या माध्यमावर, सुरू झालेलं. तिथे प्रश्न असला की उद्गारचिन्ह टाइप करायचं, तो वर केलेला हात. पाळी आली की बोलायचं. मला ही रीत फार मोलाची वाटते. लाजाळू मुलालाही एक उद्गारचिन्ह टाइप करणं जमतं, आणि पाळी येणारच हे माहीत असतं.

तू लिहितोस की हल्ली निम्म्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्या, कचरा असतात. असतात. २०२० च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्टच्या, म्हणजे मुक्त प्रकल्पांना हातभार लावण्याच्या मोहिमेच्या, वेळी काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं. चार पुल रिक्वेस्टला एक टी-शर्ट, आणि एका व्हिडिओत दाखवलेलं की रीडमीत, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये, एखादा शब्द घातला तरी चालतं. मेंटेनर अक्षरशः वैतागले, आणि मोहीम सुरू होऊन दोन-तीन दिवस होतात तोच आयोजकांना नियम बदलावा लागला, की ज्या प्रकल्पाने होकार दिलाय तिथल्याच धरायच्या. २०२४ मध्ये एक्सप्रेस या वेब फ्रेमवर्कच्या रीडमीत मुलं आपली नावं घालू लागली, तीही एक धडा पाहून. दोन्ही वेळा त्यात आपल्याकडची मुलं पुष्कळ होती आणि त्यांना उद्देशून जे लिहिलं गेलं ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. त्या मेंटेनरांचा त्रास खरा होता. पण त्या मुलांना दाखवणारं जे कुणी भेटलं, त्याने जे दाखवलं तेच त्यांनी केलं. बटण कुठलं दाबायचं ते कळलं, पलीकडे माणूस बसलाय हे कुणी सांगितलं नाही. अशी रिक्वेस्ट मी बंद करतो, पण खाली दोन ओळी लिहितो: हे का घेता येत नाही, आणि खरंच काही करायचं असेल तर हा बग बघ. बहुतेक परत येत नाहीत. मागच्या वर्षी एक आला. आता नियमित आहे.

दार उघडं आहे म्हटलं की लोक येतात, असंही नसतं. २००६ मध्ये नोम या लिनक्सच्या डेस्कटॉप प्रकल्पाला गूगलच्या समर ऑफ कोडसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांना मुक्त प्रकल्पांत उन्हाळी काम देणाऱ्या उपक्रमासाठी, १८१ अर्ज आले, त्यात एकाही बाईचा नव्हता. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. नोमने त्याच उन्हाळ्यात स्त्रियांसाठी वेगळी हाक दिली आणि सहा जणींना काम दिलं. आजचं आउटरीची, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कमी दिसणाऱ्यांना काम देणारा उपक्रम, त्यातूनच वाढलं. अर्जाच्या काळातच उमेदवार मेंटरबरोबर छोटं काम करतो, ही तिथली रीत मला सगळ्यात आवडते. परीक्षा आणि ओळख एकाच वेळी होते.

आणखी एक आकडा सांगतो आणि मग तुला सोडतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने आपल्या नव्या योगदात्यांचा मागोवा घेतला होता. पहिल्या पॅचचा रिव्ह्यू, म्हणजे तपासून दिलेला अभिप्राय, ४८ तासांत मिळाला, तर माणूस परत येण्याचं प्रमाण खूप जास्त. ७ दिवसांपेक्षा उशीर झाला, तर जवळजवळ कुणीच परत येत नाही. तो पहिला पॅच घेऊन मेल उघडत बसणारा मुलगा मी होतो, त्यामुळे मला हे वाचून नवल वाटलं नाही. पूर्ण रिव्ह्यू दोन दिवसांत कुणाकडून होणार? नोकरी आहे, घर आहे, तुझ्या बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पण ‘पॅच पाहिला, शनिवारी बसतो’ एवढं फोनवरूनही लिहिता येतं. मी तेच करतो. मग शनिवारी खरंच बसतो.

तो तेरा दिवसांचा पॅच आता सतरा दिवसांचा झाला असेल. उत्तर येईल असं त्या मुलाला कदाचित अजून वाटत असेल, कदाचित वाटेनासं झालं असेल. आज जेवायला बसण्याआधी त्याला दोन ओळी लिही. उशीर झाला हेही लिही, आणि पॅचमधली आवडलेली एक तरी गोष्ट शोधून नेमकी सांग. त्याचं उत्तर आलं तर मला फोन कर. नाही आलं तरी कर.

बाबांना नमस्कार सांग. ऑपरेशनची तारीख ठरली की कळव, मी दोन दिवस येऊन राहतो.

तुझा,
जुना बाकमित्र