पैठणचे शुद्धिपत्र आणि विवाह कार्यालयातील फलक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या पैठण परिसरातील सप्ताहात ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांची कथा निघाली की मंडप गहिवरतो. संन्यास घेतलेला माणूस गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आला, एवढ्यासाठी आळंदीकरांनी त्याला वाळीत टाकले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि त्याच्या लेकरांना शुद्धिपत्रासाठी, म्हणजे पुन्हा समाजात घेण्याच्या दाखल्यासाठी, पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, हे ऐकताना त्या शास्त्रीमंडळाची बाजू घेणारा श्रोता मला आजवर भेटलेला नाही. कीर्तनकारही ती घेत नाहीत.

त्याच मंडपातील मंडळींच्या घरी एखाद्या सज्ञान मुलीने परजातीत किंवा परधर्मात लग्न करायचे ठरवले की मात्र शुद्धिपत्राची मागणी सुरू होते, आणि खेदाची बाब ही, की या वेळी कायदाच त्यांच्या हाती कागद देतो. १८७२च्या विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आपण अमुक धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने ती अट काढली आणि दोघांनी आपापली श्रद्धा राखून संसार करण्याची वाट मोकळी केली. मात्र लग्नाआधी विवाह कार्यालयाच्या फलकावर तीस दिवसांची जाहीर नोटीस लावण्याची अट या कायद्यात आहे. आक्षेप घ्यायचा तर वय, आधीचा जोडीदार हयात असणे, निषिद्ध नाते, मानसिक अक्षमता एवढ्याच कारणांवर घेता येतो, जात किंवा धर्म त्यात कोठेच नाही. पण फलकावरच्या कागदाचा फोटो संध्याकाळपर्यंत भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर पोचला, की कायदेशीर आक्षेपाची गरज तरी कोणाला उरते?

माझ्या एका विद्यार्थिनीचे असेच झाले. नोटीस लागली, तिला मामाच्या गावी नेले आणि पंधरवड्यात दुसरीकडे सोयरीक जमवून, हुंडा ठरवून, बस्ता बांधून लग्न उरकले. हुंडा १९६१पासून गुन्हा आहे, पण त्या बैठकीत अनीती आठवली ती फक्त मुलीच्या प्रेमाची!

आई-वडिलांची फसवणुकीची भीती मी खोटी म्हणत नाही, मीही दोन मुलींचा बाप आहे. परंतु हिंदू विवाह कायद्यानुसार मांडवात लागणाऱ्या लग्नाला अशी नोटीस लागत नाही, आणि पहिली बायको लपवणारे नवरदेव तेथेही निघतातच. वयाचे दाखले व प्रतिज्ञापत्र कार्यालयाने काटेकोर तपासावे. ते फलकावर लावल्याने तपासणी होत नाही, बोभाटा होतो.

सज्ञान दोघांच्या विवाहाला कुटुंबाची वा समाजाची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केले आहे. जानेवारी २०२१मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही नोटीस प्रसिद्ध करायची की नाही, हे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. विवाह हा विषय समवर्ती सूचीत असल्याने महाराष्ट्र विधिमंडळालाही या तरतुदीत दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर करून ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवता येईल. मराठवाड्यातील आमदारांनी, पक्ष कोणताही असो, येत्या अधिवेशनात हा प्रश्न मांडावा, अशी विनंती आपल्या पत्रातून करीत आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पैठण