खाज थांबली म्हणजे नायटा गेला?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला पावसाळी त्वचाविकारांवरचा लेख वाचला. भाषा छानच आहे. पण नायटा अस्वच्छतेने होतो, जंतुनाशक साबणाने दिवसातून तीनदा घासून धुवा, हा सल्ला वाचून चहा कडू लागला.

मी दोन्ही वेळ आंघोळ करणारी बाई आहे. तरी गेल्या श्रावणात परकराची नाडी बसते तिथे कमरेवर नायटा उठलाच. रुपयाएवढा. कडेला बारीक पुळ्या नि कोंडा, मध्ये कातडी स्वच्छ. मीही काथ्या घेऊन घासघास घासला. तो बशीएवढा झाला! मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने चिठ्ठी न मागता एक ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज बंद, लाली गायब. मी त्याला दुवा दिला. पंधरा दिवसांत तेच मांड्यांपर्यंत उतरले.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूबचे खोके पाहून कपाळाला हात लावला. आत स्टेरॉइड. त्या म्हणाल्या, नायटा होतो तो कातडीवरच्या बुरशीने. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो महिनाभरात झडून नवा येतो, सोबत बुरशीही गळून पडते. हा थर जरा आंबट, सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप) पाचच्या आसपास. साबणाच्या वडीचा नऊ-दहा. म्हणजे घासून घासून कुंपण मीच उपटत होते. खालच्या जिवंत पेशी बुरशी ओळखतात, तिला मारणारी प्रथिने सोडतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हाक मारतात. लाली नि खाज ही त्या झटापटीची. स्टेरॉइड राखणदारालाच झोपवते आणि बुरशी निवांत चरते. पुढे अडीच महिने गोळ्या खाल्ल्या.

लेखात या ट्यूबांबद्दल अवाक्षर नाही. का नाही, ते पानाच्या तळाशी कळले: खाज मिनिटांत घालवणाऱ्या मलमाची पाव पान जाहिरात! लेखिकेला मी बोल लावत नाही.

2020 साली जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांवरून नायट्याची एक नवी बुरशी नोंदवली. नाव ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला ती बरेचदा दाद देत नाही. नावात आपला देश आला, पण ही बातमी आपल्या अंकात मला दिसली नाही. नटीच्या बेसनाच्या लेपाला मात्र अर्धे पान.

जाता जाता, अंक चार दिवस भिजून येतोय. पिशवीचे पैसे बिलात लागतात, पिशवी कुठे जाते?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण